ढोलताशासमोर उभं करा म्हणे!

गणपती जवळ आले की तो फॉरवर्ड परत फिरायला लागतो. ऑटिझम (स्वमग्नता) म्हणजे मनात बसलेली भीती, आईने पोटुशी असताना टेन्शन घेतलं की ती बाळात उतरते, तेव्हा मुलाला नेऊन ढोलताशासमोर उभं करा, चार दिवस रडेल मग भीड चेपेल, आणि आरडाओरडा केला तर ढुंकूनही बघू नका, नाटकं असतात. खाली हात जोडलेले आणि 'प्रत्येक पालकापर्यंत पोचवा'.

आधी आईचं बघू, कारण कुणी ना कुणी तो तिलाच पाठवतं. हे खूळ जुनंय. अमेरिकेत एकेकाळी डॉक्टरच म्हणायचे की माया न करणाऱ्या आयांमुळे मुलं अशी होतात, 'रेफ्रिजरेटर मदर' म्हणायचे त्यांना! बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने 1964 मध्ये ते खोडून काढलं, त्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. 2019 मध्ये पाच देशांतल्या 20 लाखांवर मुलांचा डेटा तपासला तेव्हा ऑटिझम कुणाला असतो, कुणाला नसतो या फरकात जनुकांचा वाटा साधारण 80 टक्के निघाला. तेव्हा सासूबाई, ते 'तू तेव्हा फार रडायचीस' बास आता.

'ऑटिझम म्हणजेच भीती' हे पण चूक. 2011 च्या एका मोठ्या विश्लेषणात ऑटिस्टिक मुलांपैकी साधारण 40 टक्के मुलांना एखादा तरी अँग्झायटीचा, म्हणजे अति भीती-चिंतेचा, विकार सापडला. हे प्रमाण खूपच आहे, पण दोन्ही एकच असतं तर शंभर टक्के यायला हवं होतं ना?

आता ढोल. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो कारण लोक हे खरंच करतात. आवाज, उजेड, स्पर्श जास्त बोचणं हे 2013 पासून ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतच आहे. आणि ब्रेन स्कॅनच्या अभ्यासांत दिसलंय की ज्या ऑटिस्टिक मुलांना असं बोचतं त्यांच्या मेंदूतला भीतीशी संबंधित भाग, अमिग्डाला, तोच आवाज परत परत ऐकूनही लवकर शांत होत नाही, म्हणजे 'चार दिवसांत सवय होईल' हा हिशोबच तिथे लागू पडत नाही. उलट पुढच्या वेळी ढोल नुसता दिसला तरी पोटात गोळा.

माझा भाचा कुकरच्या शिट्टीला घाबरायचा. पुढेपुढे तर ओट्यावर कुकर ठेवला, अजून गॅसही पेटवला नाही, तरी कान दाबून बाथरूममध्ये. ताई आता कुकर लावायच्या आधी त्याला तीन बोटं दाखवते, तीन शिट्ट्या, तो गॅलरीत जाऊन उभा राहतो आणि आतल्या शिट्ट्या मोजतो, तिसरी झाली की स्वतःच ओरडतो 'बंद कर!' आणि ताई पळत येऊन गॅस बंद करते. भीती पूर्ण गेली का, नाही. पण आता जेवायला स्वयंपाकघरात येतो.

म्हणजे सवय करूच नये असं नाही हां, घरात कोंडून ठेवलं की भीती वाढतेच. पण थेरपिस्ट जे करतात ते पायरीपायरीने, मुलाला आधी सांगून, 'थांब' म्हणायची मुभा देऊन. मिरवणूक लांबून, हेडफोन लावून, पाच मिनिटं. आणि ते हेडफोन 'लोक काय म्हणतील' म्हणून काढू नका प्लीज.

राहिली नाटकं. चॉकलेटसाठी रडणारं पोरगं मधेच डोळा उघडून बघतं आई बघतेय का, आणि चॉकलेट मिळालं की गप्प. मेल्टडाऊनमधल्या, म्हणजे सगळं असह्य होऊन कोलमडलेल्या, मुलाला काही नकोच असतं, त्याचा ताबाच सुटलेला असतो, तेव्हा प्रश्न विचारणं बंद करा, शांत जागी न्या, थांबा. आणि न बोलणारं मूल अचानक असं वारंवार करायला लागलं तर दात, कान, पोट दुखतंय का ते आधी डॉक्टरांना बघू द्या, कारण दाढ दुखतेय हे त्याला सांगता येत नाही.