तिजोरीच्या किल्ल्या आणि परतीची तारीख

"अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या मनात आलं की युद्ध. त्यांची संसद नुसती बघ्याची भूमिका घेते," असं परवा एक मित्र छातीठोकपणे सांगत होता. मला हे पटत नाही. त्यांची संसद भांडते, चांगली कडाकडा भांडते, आणि मग हरते. का हरते ते समजून घ्यायचं असेल तर मार्च ते मे २००७ या तीन महिन्यांत वॉशिंग्टनमध्ये इराकच्या पैशांवरून काय झालं ते बघावं. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो.

नोव्हेंबर २००६ च्या निवडणुकीत लोकांनी इराक युद्धाचा राग मतपेटीत काढला. दोन्ही सभागृहं राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या विरोधातल्या डेमोक्रॅट्सकडे गेली, नॅन्सी पेलोसी पहिल्या महिला सभापती झाल्या. आता सैन्य परत येणार असं वाटत असतानाच जानेवारीत बुश यांनी उलट वीस हजारांहून जास्त सैनिक आणखी पाठवायची घोषणा केली. फेब्रुवारीत प्रतिनिधिगृहाने, म्हणजे कनिष्ठ सभागृहाने, २४६ विरुद्ध १८२ मतांनी त्याविरोधात ठराव केला. बंधनकारक नव्हता, त्यामुळे व्हाइट हाउसने तो वाचलाच पाहिजे असंही नव्हतं.

मग उरला पैसा. त्यांच्या राज्यघटनेत सरळ लिहिलंय की कायद्याने मंजुरी असल्याशिवाय तिजोरीतून पैसा निघणार नाही, आणि सैन्यासाठीची तरतूद एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीची नसेल. गंमत अशी की इराकचा बराचसा खर्च नेहमीच्या अर्थसंकल्पात यायचाच नाही. तो 'आणीबाणीचा' म्हणून वेगळ्या विधेयकातून मागितला जायचा. नागपूरच्या अधिवेशनात पुरवणी मागण्यांचा गठ्ठा कसा येतो हे ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. युद्धाला चार वर्षं झाली तरी आणीबाणी चालूच!

डेमोक्रॅट्सनी ठरवलं की पैसे द्यायचे, पण सोबत परतीची तारीख घालायची. २३ मार्चला प्रतिनिधिगृहात विधेयक २१८ विरुद्ध २१२ मतांनी पास झालं. सुमारे १२४ अब्ज डॉलर, आणि ऑगस्ट २००८ अखेरपर्यंत लढाऊ फौजा बाहेर. ४३५ च्या सभागृहात २१८ म्हणजे अगदी काठावर. ही मतं जमवताना जे काही केलं ते बघून मला आजही चीड येते. पालक पिकवणाऱ्यांना अडीच कोटी डॉलर, शेंगदाण्याच्या साठवणुकीला ७ कोटी ४० लाख! आदल्या वर्षी पालकातून विषबाधा झाल्याने तिथले शेतकरी खरंच अडचणीत होते, मान्य. पण युद्ध थांबवायच्या विधेयकात पालकाची जुडी कशाला? बुश यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं आणि त्यांनी ते मनसोक्त फिरवलं.

त्या २१८ मध्ये बुश यांच्याच पक्षाचे दोन रिपब्लिकन होते. त्यातले एक नॉर्थ कॅरोलिनाचे वॉल्टर जोन्स. फ्रान्सने युद्धाला विरोध केला म्हणून २००३ मध्ये संसदेच्या उपाहारगृहातल्या 'फ्रेंच फ्राइज'चं नाव 'फ्रीडम फ्राइज' करायला लावणाऱ्यांतले हे गृहस्थ. पुढे त्यांचं मत पार उलटलं. दुसरीकडे, सप्टेंबर २००१ मध्ये लष्करी कारवाईच्या अधिकाराला एकट्याने विरोध करणाऱ्या बार्बरा ली यांनी या विधेयकाविरुद्ध मत दिलं. युद्धाला आणखी एक डॉलरही नको, अशी त्यांची भूमिका होती.

त्या महिन्यातला एक प्रसंग कॅमेऱ्यात सापडला आहे. सरकारी खर्चाला मंजुरी देणाऱ्या विनियोजन समितीचे अध्यक्ष डेव्हिड ओबी यांना एका मरीन सैनिकाच्या आईने कॉरिडॉरमध्ये गाठलं. पैसे देऊच नका, म्हणाली. ओबी स्वतः युद्धविरोधी, पण भडकले. पैसा तोडायला मतं नाहीत, हे विधेयकच युद्ध संपवणारं आहे, आणि ते पाडायला निघालेले उदारमतवादी मूर्ख आहेत, असं तिच्यावर ओरडले. नंतर माफी मागितली. मला त्या व्हिडिओत दोघंही बरोबर वाटतात. तिचा मुलगा होता आणि यांच्याकडे आकडा नव्हता.

एप्रिलअखेर दोन्ही सभागृहांचा मिळून मसुदा पास झाला, सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, ५१ विरुद्ध ४६. माघार १ ऑक्टोबरपर्यंत सुरू करायचीच होती. ती पूर्ण व्हायची तारीख मात्र आता नुसतं 'उद्दिष्ट' होती. १ मे रोजी बुश यांनी नकाराधिकार वापरला. बरोबर चार वर्षांपूर्वी याच तारखेला ते विमानवाहू नौकेवर उभे राहून 'मोहीम फत्ते'च्या फलकाखाली बोलले होते. माघारीची तारीख शत्रूला आधीच सांगणं म्हणजे वेडेपणा, हा त्यांचा मुद्दा. दुसऱ्या दिवशी तो नकाराधिकार मोडायला २२२ विरुद्ध २०३ मतं पडली. दोन-तृतीयांशच्या जवळपासही नाही.

आणि मग २४ मे. तारीख गायब. तिच्या जागी इराक सरकारसाठी १८ निकष आणि सप्टेंबरमध्ये अहवाल. प्रतिनिधिगृहात डेमोक्रॅट नेतृत्वाने मतदानाचे दोन तुकडे केले, म्हणजे किमान वेतनवाढ वगैरे गोष्टींना एक मत आणि युद्धाच्या पैशाला वेगळं. पैसा २८० विरुद्ध १४२ मतांनी मंजूर झाला. पेलोसींनी स्वतः विरोधात मत दिलं! आपणच सभागृहात आणलेल्या पैशाला आपणच विरोध करायचा. सिनेटमध्ये ८० विरुद्ध १४. त्या १४ मध्ये ओबामा आणि हिलरी क्लिंटन होते, दोघंही तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत. त्या एप्रिल-मेमध्ये दर महिन्याला शंभराहून जास्त अमेरिकी सैनिक मरत होते. इराकी किती, ते तर कोणी नीट मोजतही नव्हतं.

'पैसा अडवाल तर सैनिकांना वाऱ्यावर सोडाल' हे एक वाक्य त्या सगळ्या चर्चेवर बसून होतं. ही शुद्ध मखलाशी आहे. सैन्य परत आणायलाही पैसा लागतो आणि संसद तोच देऊ करत होती. सही न करून पैसा अडवला तो राष्ट्राध्यक्षांनी. पण टीव्हीवर हे समजावून सांगायला तीन मिनिटं लागतात आणि 'वाऱ्यावर सोडलं' म्हणायला तीन सेकंद.

बुश यांच्या बाजूचंही सांगायला हवं. जादा फौजा गेल्यावर २००७ च्या अखेरीपासून हिंसाचार बराच उतरला, हे खरं. त्यांचे समर्थक म्हणतात, म्हणून तर पुढे तारीख ठरवता आली. असेल. तरी नोव्हेंबर २००८ मध्ये त्याच बुश सरकारने इराकशी करार केला, ३१ डिसेंबर २०११ ही तारीख घालून. तो करार २७५ जणांच्या इराकी संसदेत १४९ मतांनी मंजूर झाला. अमेरिकन संसदेपुढे तो मतदानाला आलाच नाही.

पैसा तोडून युद्ध थांबवल्याचं उदाहरण नाही असं नाही. कंबोडियावरचे बॉम्बहल्ले १५ ऑगस्ट १९७३ ला बंद झाले ते संसदेने निधी तोडला म्हणूनच. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आधी नकाराधिकार वापरला, मग नमले. पण तोवर व्हिएतनाममधून लढाऊ फौजा परतल्या होत्या, युद्धकैदी घरी आले होते. वाऱ्यावर सोडायला जमिनीवर कोणी उरलंच नव्हतं. म्हणून मला वाटतं, सैन्य एकदा उतरलं की किल्ल्या संसदेच्या कमरेला नुसत्या खुळखुळतात. भांडायचं ते पाठवण्याआधी.

आपल्याकडे ते एकदा झालं. एप्रिल २००३ मध्ये मनोहर जोशी अध्यक्ष असताना लोकसभेने इराकवरच्या हल्ल्याविरुद्ध एकमताने ठराव केला. पुढे अमेरिकेने आपल्याकडे फौजेची विनंती केली, तेव्हा जुलैमध्ये वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या आदेशाशिवाय सैन्य पाठवायला नकार दिला. त्या निर्णयामागे कारणं अनेक होती, पण तो ठराव सरकारच्या पाठीशी होता. याउलट १९८७ मध्ये श्रीलंकेत शांतिसेना गेली ती संसदेच्या मतदानाशिवाय. ती परत यायला मार्च १९९० उजाडला, आणि हजारावर जवान आलेच नाहीत. अशा मतदानाची सक्ती आपल्या राज्यघटनेत आजही नाही, आणि संरक्षण खात्याच्या मागण्या अनेकदा गिलोटिनखाली, म्हणजे वेळ संपली म्हणून उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मतदानाला टाकून, चर्चेविना मंजूर होतात. परदेशी भूमीवर लढायला फौज पाठवायची तर लोकसभेत नावानिशी मतदान घ्यावं आणि मंजुरीला मुदत असावी, असा कायदा कोणत्याही पक्षाच्या खासदाराने खासगी विधेयक म्हणून मांडला तर माझा त्याला पाठिंबा. तो पास होणार नाही हे मलाही कळतं.