‘एक जुना वाचक’ यांना, मोज्यांबद्दल

अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाला दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणारे प्रशिक्षक जॉन वुडन यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली परवा रात्री पावणेबारा वाजता ‘एक जुना वाचक’ अशा नावाने प्रतिक्रिया आली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी ती जशीच्या तशी देते:

“ताई, आरती म्हणून लेख छान जमलाय. स्वतः कधी कोर्टवर उतरलात का? मोजे घालायला शिकवून कुणी दहा ट्रॉफ्या जिंकत नाही. अल्सिंडर आणि वॉल्टन हाताशी असते तर माझ्या आजीनेही जिंकून दाखवल्या असत्या. सॅम गिल्बर्टचं नाव लेखात एकदाही का नाही? आणि हो, वुडेनचं पहिलं विजेतेपद 1964 चं, 1963 चं नव्हे.”

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. 1964 बरोबर, 1963 चूक. माझीच चूक. आभार.

आता ते ‘ताई’. माझे वाचक मला ताई म्हणतात, मला आवडतं. पण शब्द तोच असला तरी कुणी घरातल्या माणसासारखं म्हणतं, आणि कुणी रिक्षात पुढे सरकायला सांगावं तसं म्हणतं. तुमचं दुसऱ्या जातीचं आहे. गेली सात वर्षं मी इथे माझ्या नावाने लिहिते. तुम्ही ‘जुने’ आहात म्हणता, पण इतक्या वर्षांत एकदाही नाव सांगावंसं वाटलं नाही? चूक दाखवायला माझी हरकत नाही. ती दाखवताना आरतीचं ताट माझ्या हातात द्यायची काही गरज नव्हती.

तर मोजे.

यूसीएलएमध्ये दरवर्षी पहिल्या सरावाच्या दिवशी वुडन पोरांना बसवून मोजे कसे घालायचे ते दाखवायचे. करंगळीपाशी आणि टाचेला एकही सुरकुती राहता कामा नये, हात फिरवून बघायचं. मग बूट. बुटाचा नंबर पोरगा सांगेल तो खरा मानायचा नाही, पाय बघूनच ठरवायचा, कारण पोरं सर्रास मोठे बूट घालतात. नाडी एकेका भोकापासून आवळत वर आणायची आणि दुहेरी गाठ मारायची. अमेरिकेतल्या शाळांमधले सगळ्यात नावाजलेले खेळाडू, सहा-सात फुटी, अनवाणी बसून हे बघत. बिल वॉल्टन पुढे आयुष्यभर हा किस्सा हसत हसत सांगत असे. हसायचा, पण सांगायचा.

यामागचा हिशेब सोपा आहे. सुरकुती पडली की फोड, फोड आला की सराव बुडाला. आणि वुडनची सगळी कमाई सरावातली. रोज सकाळी बसून ते दुपारच्या सरावाची आखणी मिनिटामिनिटाने छोट्या कार्डावर उतरवत. 1974-75 च्या मोसमात थार्प आणि गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ सरावात बसून त्यांचं बोलणं टिपत होते. 2,326 नोंदी झाल्या. त्यांतल्या जवळजवळ तीन चतुर्थांश नुसती माहिती होती: काय करायचं, कसं करायचं. शाबासकी थोडी, ओरडा थोडा. अशा माणसाचा एक खेळाडू टाचेला फोड आला म्हणून भिंतीला टेकून बसला, तर त्याचं किती जात असेल?

“कधी कोर्टवर उतरलात का?” उतरले होते, साहेब. 1987, कराड. नववीत होते, आंतरशालेय सामना. कोर्ट सिमेंटचं, वेळ दुपारी दोनची. कॅनव्हासचे बूट आईने ‘दोन वर्षं चालतील’ म्हणून एक नंबर मोठे घेतलेले आणि पुढे बोटांशी कापूस कोंबलेला. मोजे दादाचे, रबर गेलेले. मध्यंतरापर्यंत माझे अकरा गुण झाले होते. मोजा घसरून टाचेखाली गोळा झालाय हे मला कळत होतं, पण सर समोर काडीने मातीत बाण काढत होते आणि तेव्हा बूट सोडायला वाकायची माझी हिंमत नव्हती. दुसरा डाव सुरू झाला आणि तीनेक मिनिटांत फोड फुटला. ले-अपला, म्हणजे बास्केटजवळ जाऊन चेंडू टाकायला, उडायचं तर त्याच पायावर जोर द्यायचा. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा उडलेच नाही. आम्ही दोन गुणांनी हरलो. सर म्हणाले, “नाटकं पुरे.” संध्याकाळी आईने कोमट पाण्यात पाय बुडवून मोजा सोडवला, तो एकटा निघाला नाही. त्या सरांनी आम्हाला ड्रिबल शिकवलं, पास शिकवला, झोन शिकवला. पायाकडे कुणी पाहिलं नव्हतं.

आता दर रविवारी सकाळी सातला आमच्या सोसायटीमागच्या कोर्टवर अकरा मुली येतात. पहिली दहा मिनिटं पायरीवर, बूट काढून. गेल्या महिन्यात एकीच्या मोज्याची शिवण बरोबर करंगळीखाली येत होती. मोजा उलटा करून घातला, काम झालं. यांच्यातली एकही फोडामुळे बाहेर बसलेली नाही. ट्रॉफी? नाही मिळालेली एकही. लिहा तेही.

अल्सिंडर (पुढचा करीम अब्दुल-जब्बार) आणि वॉल्टन, वुडनचे हे दोन सगळ्यात गाजलेले खेळाडू, यांचं म्हणाल, तर 1964 च्या संघात दोघेही नव्हते. सुरुवातीच्या पाचांत कुणी साडेसहा फुटांचाही नव्हता आणि तो संघ 30 पैकी 30 जिंकला. त्याआधी पंधरा मोसम वुडन तिथे एकही राष्ट्रीय विजेतेपद नसताना शिकवत होते, तेही बराच काळ तिसऱ्या मजल्यावरच्या जिममध्ये, बाजूला कुस्ती आणि जिम्नॅस्टिक्सवाले, सरावाआधी जमीन स्वतः झाडून. तुमच्या आजींना माझा नमस्कार सांगा, पण सोळाव्या मोसमापर्यंत थांबल्या असत्या का ते विचारा.

गिल्बर्ट. मला ते प्रकरण माहीत नाही असं समजू नका. खेळाडूंवर पैसे उधळणारा श्रीमंत कंत्राटदार, संघाचा चाहता, वगैरे. कॉलेजवर कारवाई झाली ती 1981 च्या अखेरीस. वुडन निवृत्त झाले 1975 मध्ये. लेख वुडनच्या शिकवण्यावर होता, लॉस एंजेलिसमधल्या कंत्राटदारांवर नव्हता. माणूस कसा होता ते बघायचंच असेल तर 1947 बघा. यूसीएलएच्या आधी इंडियाना स्टेट या कॉलेजला प्रशिक्षक असताना कॅन्सस सिटीच्या राष्ट्रीय स्पर्धेचं निमंत्रण आलं, पण तिथे कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी होती आणि संघात क्लॅरेन्स वॉकर होता. वुडननी निमंत्रण नाकारलं. पुढच्या वर्षी बंदी उठली, तेव्हा वॉकरला घेऊन गेले. याने गिल्बर्टचा प्रश्न सुटत नाही म्हणाल. म्हणा. मला त्यावर इथे आणखी काही लिहायचं नाही.

लेखात 1963 च्या जागी 1964 केलं आहे. तुमच्या प्रतिक्रियेत ‘वुडेन’ आहे, त्याला मी हात लावलेला नाही.