‘इतर’ लिहिलेलं खोकं

घर हलवायला घेतलं की पहिल्या दिवशी माणूस ग्रंथपाल असतो. खोक्यावर सुवाच्य अक्षरात ‘स्वयंपाकघर, वरचं फडताळ, काचेचे पेले, नग सहा’ असं लिहून खाली तारीख घालतो. चौथ्या दिवशी नुसतं ‘स्वयंपाकघर’ उरतं. शेवटच्या रात्री अकरा वाजता हाताला लागेल ते कोंबून तो एकच शब्द लिहितो : ‘इतर’.

नव्या, गारठलेल्या घरात पाऊल टाकल्यावर पहिल्या दोन तासांत जे जे लागतं ते या ‘इतर’मध्ये असतं. पक्कड, पाना, कात्री, विजेरी, जाड मोजे. जी वस्तू शेवटपर्यंत हाताशी लागते तीच शेवटी भरली जाते, आणि पोचल्यावर पहिली मागणीही तिलाच. बरं, ट्रकमध्ये शेवटी चढलेलं खोकं उतरतंही सगळ्यांत आधी. पण ते भिंतीशी ठेवलं जातं, आणि मग त्याच्यापुढे, त्याच्यावर उरलेला अख्खा संसार रचला जातो. म्हणून माझं म्हणणं असं, की ‘इतर’ ट्रकमध्ये चढवूच नये. देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला सामान जायला बरेच दिवस लागतात, आपण आधी पोचतो. पांघरूण, टॉवेल, हत्यारं आणि ते मोजे आपल्याबरोबर मांडीवर.

बाकी भरण्याचं शास्त्र फार नाही. पुस्तकं लहान खोक्यात, उश्या मोठ्यात. पुस्तकांनी मोठं खोकं भरणाऱ्याला ते स्वतः उचलावं लागत नाही हे लांबूनही ओळखता येतं. एका खोक्याचं वजन 15 ते 20 किलोंच्या वर नको. ताटल्या पुस्तकांसारख्या उभ्या लावा. आडव्या चळतीत वरच्या सगळ्यांचा भार आणि रस्त्यावरचा प्रत्येक दणका सर्वांत खालचीच सोसते. आणि नाव खोक्याच्या बाजूला लिहा. वर लिहिलेलं नाव पुढच्या खोक्याच्या तळाला वाचायला मिळतं.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळवायचा आणि न्यायचा उभाच. आडवा नेला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरतं, मग पोचल्यावर तो दिवसभर उभा ठेवूनच चालू करावा लागतो. थंड घरात त्याचं आणखी एक नाटक असतं. बऱ्याच फ्रिजना भोवताली किमान 10 किंवा 16 अंश तापमान लागतं. ज्याच्या दोन्ही कप्प्यांना मिळून एकच थर्मोस्टॅट (तापमान पाहून कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा भाग) आहे, तो गारठलेल्या खोलीत ‘आत गारवा आहेच की’ असं समजून कॉम्प्रेसर लावतच नाही, आणि बाहेर आपण कुडकुडत असताना फ्रीझरमधला बर्फ वितळतो. थंडीमुळे बर्फ वितळवणारं दुसरं यंत्र मला माहीत नाही.

आता मुख्य शत्रू : थंडी. घरात शिरल्या शिरल्या प्रत्येक जण रेडिएटरची, म्हणजे बॉयलरचं गरम पाणी आत खेळवून खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या पत्र्याची, झडप 5 वर फिरवतो. त्याने घर लवकर तापत नाही. तो आकडा वेग सांगत नाही, कुठे थांबायचं ते सांगतो. 3 म्हणजे साधारण 20 अंश. 5 वर ठेवलं की वीसपर्यंत पोचायला तेवढाच वेळ लागतो, फक्त खोली तिथे थांबत नाही आणि तुम्ही रात्री दोनला घामाघूम होऊन खिडकी उघडता.

मग तास झाला तरी हुडहुडी का भरते? हिशोब करू. चार मीटर लांब, चार रुंद, अडीच उंच अशा खोलीत 40 घनमीटर हवा मावते, वजन सुमारे 48 किलो. ती 5 अंशांवरून 20 वर न्यायला 2000 वॅटच्या हीटरला कागदावर सहा मिनिटं पुरतात. पण भिंतींचं वजन असतं काही टन, आणि त्या महिनोन्‌महिने रिकाम्या घरात गारठत बसलेल्या असतात. हवेला दिलेली ऊब त्या पिऊन टाकतात. वर आपल्या अंगातली उष्णताही ओढून घेतात, त्यामुळे तापमापक वीस दाखवतो आणि दात वाजतच राहतात. तापवायची असते ती भिंत. त्याला काही दिवस लागतात, आणि दर रात्री हीटिंग पूर्ण बंद केलं तर आणखी काही.

रेडिएटर वरून थंड आणि खालून गरम असेल तर आत हवा अडकली आहे. उलट असेल तर तळाला गाळ आहे, तिथे माहितगार माणूसच बोलवा. हवा आपल्याला काढता येते. हीटिंग बंद करून रेडिएटर निवू द्या, वरच्या कोपऱ्यातल्या स्क्रूखाली फडकं आणि पेला धरा, त्याला रेडिएटरची छोटी चावी लावून डावीकडे पाव फेरा फिरवा. फुस्स आवाज थांबून पाणी आलं की लगेच बंद. मग बॉयलरवरचा दाब पाहा, थंड असताना 1 ते 1.5 बार हवा. चावी कुठे असते ते विचारू नका. शीर्षक वाचा.

फटी शोधायला पेटती उदबत्ती खिडकीच्या चौकटीभोवती आणि दाराखालून फिरवा. धूर जिथे आडवा होईल तिथे फोमची पट्टी. मात्र फटी बुजवून खिडक्याही बंद ठेवल्या की दुसरं दुखणं सुरू. श्वास, अंघोळ, रांधणं यांतून रोज काही लिटर पाणी हवेत जातं. 20 अंशांच्या हवेत आर्द्रता 60 टक्के असेल, तर 12 अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. म्हणजे तावदान, बाहेरच्या भिंतीचा कोपरा, आणि कपाटामागची जागा, जिथे ऊब पोचत नाही. आपण कपाट भिंतीला चिकटवून ‘कसं नीट बसलं!’ म्हणतो, त्याच्यामागे बुरशीही नीट बसते. 5 ते 10 सेंटीमीटर जागा सोडा. जमिनीवर नुसत्या पसरलेल्या गादीखालीही हेच होतं. आणि दिवसभर खिडकी किलकिली ठेवू नका, तिने भिंत तेवढी गार होते. समोरासमोरच्या दोन खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटांत बंद करा. हवा बदलते, भिंतीला पत्ता लागत नाही.

सुटा हीटर एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका, पडद्यापासून मीटरभर लांब ठेवा. कोळशाची शेगडी घरात कधीच नाही, तिच्या विषारी वायूला वासही नसतो. आणि पोचल्या दिवशी, खोकी उघडण्याआधी, पाण्याचा मुख्य कॉक शोधून फिरवून पाहा. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि पाइप फुगत नाही. तो फुटल्यावर कॉक शोधणं हा पोहत करायचा उद्योग आहे.

राहिलं वॉशिंग मशीन. पुढून उघडणाऱ्या मशीनचा ड्रम प्रवासात आपटू नये म्हणून मागून तीन-चार लांब बोल्ट घालतात. नव्या घरात ते काढायला विसरलात तर पिळण्याच्या फेरीत यंत्र धडधडत चालू लागतं आणि वायर पुरेल तिथपर्यंत घर पाहून येतं. काढलेत तर जपून ठेवा, पुढच्या बदलीला लागतील. पिशवीत घालून मशीनच्या पाठीलाच चिकटवलेले बरे. पिशवीवर काय वाटेल ते लिहा, तो एक शब्द सोडून.