उचलायच्या आधी विचारा तिला

काल रात्री लिफ्टमध्ये आमच्या सोसायटीतल्या बी विंगचे एक काका भेटले, हातात शित्झू जातीच्या कुत्र्याचं एवढंसं पिल्लू. लिफ्टमध्ये आम्ही सहा जण, त्यात तीन मुलं आणि तिघांचेही हात त्या पिल्लाच्या डोक्यावर. पिल्लू थरथरत होतं, जीभ सारखी नाकावर फिरत होती, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत ते भिंतीकडे बघत होतं आणि काका कौतुकाने सांगत होते, "काही करत नाही हो, एकदम शांत आहे, घ्या की हातात." मी चौथ्या मजल्यावर उतरले, पण रात्री झोप लागेपर्यंत ते पिल्लूच डोळ्यासमोर होतं. म्हणून आज लिहितेय, जरा मोठं होईल, पण वाचा.

ते पिल्लू शांत नव्हतं, भीतीने थिजलं होतं. नाक चाटणं, झोप आलेली नसताना जांभया देणं, कान मागे पाडणं, एक पंजा उचलून धरणं, आवडता खाऊ समोर धरला तरी तोंड फिरवणं, ही सगळी कुत्र्याची "नको" म्हणायची पद्धत आहे. आता विचार करा, त्याच लिफ्टमध्ये एखादा जर्मन शेफर्ड अशी मान वळवून, नाक चाटत उभा असता तर कोणी हात लावला असता का? सगळे कोपऱ्यात सरकले असते. चार किलोच्या कुत्र्याचं "नको" मात्र कोणी ऐकतच नाही, कारण ते चावलं तरी काय होणारे, आणि उचलायला एक हात पुरतो. लहान कुत्री इतकी घाबरट का असतात, उगाच का भुंकतात असं लोक विचारतात ना, मला वाटतं त्यातलं अर्धं उत्तर तरी इथेच आहे. दिवसातून दहा वेळा कोणीतरी न विचारता जमिनीवरून उचलून पाच फूट वर नेत असेल तर आपणही दचकूनच राहू.

हे मला कळलं खारीमुळे. खारी आमची स्पिट्झ, म्हणजे आपण सगळे सरसकट पॉम म्हणतो ती जात, बेकरीतल्या खारीच्या रंगाची म्हणून माझ्या लेकीने ठेवलेलं नाव. गेल्या वर्षी जानेवारीत आमच्याकडे आली तेव्हा पाचेक वर्षांची होती, पिल्लं काढण्यासाठी पिंजऱ्यात ठेवलेली आणि पिल्लं होईनाशी झाल्यावर सोडून दिलेली. तिने घर म्हणून काही बघितलंच नव्हतं. मिक्सर, टीव्ही, दाराची बेल, पंखा, कुकरची शिट्टी, सगळं पहिल्यांदा. आणि आम्ही काय केलं, तर पहिल्याच संध्याकाळी नणंद, तिची मुलं, शेजारच्या दोन वहिनी असे सगळे बघायला बोलावले, आल्या आल्या आंघोळ घातली, लेकीने मांडीवर घेऊन फोटो काढले. ती वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसली ती बसलीच. दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी मी हात घालून तिला ओढून बाहेर काढलं, ती गुरगुरली आणि मी तिच्यावर ओरडले. त्या ओरडण्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण बिचारीने चावायच्या आधी नीट सांगितलं होतं. गुरगुरणं ही सूचना असते. ती दिल्याबद्दल कुत्र्याला शिक्षा झाली की ते सूचना द्यायचं बंद करतं आणि मग एक दिवस थेट चावतं आणि आपण म्हणतो, अचानक चावलं हो.

खारी आमच्यापैकी सगळ्यात आधी कोणाकडे गेली असेल तर माझ्या सासूबाईंकडे, ज्यांना घरात कुत्रं नकोच होतं. आई रोज दुपारी हॉलमध्ये जमिनीवर बसून भाजी निवडतात. जानेवारी म्हणजे मटार. त्या तिच्याकडे बघायच्या नाहीत, बोलवायच्या नाहीत, मशीनकडे पाठ करून आपल्या मटार सोलत बसायच्या, एखादा दाणा घरंगळत मागे गेला तर जाऊ द्यायच्या. चौथ्या की पाचव्या दिवशी मशीनमागून नाक बाहेर आलं आणि एक दाणा गायब झाला. मग आई मुद्दाम दाणे मागे टाकायला लागल्या, रोज थोडे अलीकडे, पण तरीही वळून बघायचं नाही. आठवडाभरात खारी त्यांच्या साडीच्या पदराला नाक लावून बसायला लागली आणि मी किचनमधून ते बघून रडले. आम्ही सगळे प्रेम करत होतो, पण प्रेम करायला सारखे तिच्या अंगावर जात होतो. आईंनी तिला जवळ येण्याचा आणि परत पळून जाण्याचा रस्ता मोकळा ठेवला होता, एवढंच.

तेव्हापासून घरात नियम केला की खारीवर कोणी वरून वाकायचं नाही. खाली बसायचं, जरा तिरकं, डोळ्याला डोळा न लावता, आणि ती आली तर डोक्यावरून नाही, छातीला किंवा हनुवटीखाली खाजवायचं, ते पण तीन सेकंद. मग हात काढून घ्यायचा आणि बघायचं. ती हाताला रेलली तर अजून, लांब गेली तर बास. हे तीन सेकंदांचं लहान मुलांना शिकवायला एकदम सोप्पंय, माझी नऊ वर्षांची लेक आता पाहुण्यांना शिकवते.

आणि उचलण्यासाठी शब्द ठेवला. आमच्याकडे "वर" म्हणतो. म्हणायचं, एक क्षण थांबायचं, ती अंग ढिलं सोडून उभी राहिली की एक हात छातीखाली, एक हात मागच्या पायांखाली असं उचलायचं, पुढचे पाय धरून लोंबकळत कधीच नाही. ती मागे सरकली तर नाही उचलायचं. रस्त्यावर गाडी आली, मोठं कुत्रं अंगावर आलं तर अर्थात विचारत बसत नाही, पण रोज विचारलेलं असतं म्हणून त्या वेळी ती घाबरून चावतही नाही.

बाकी ट्रेनिंग म्हणाल तर दिवसातून दोन-तीनदा, एका वेळी तीन-चार मिनिटं, जास्त नाही. उकडलेलं चिकन, चण्याच्या डाळीएवढे तुकडे, कारण एवढ्याशा कुत्र्याचं वजन बघता बघता वाढतं, दिवसभराच्या खाण्यातला साधारण दहावा हिस्सा खाऊ, त्याच्यावर नको. पहिलं शिकवलं ते नाव. नाव घेतलं, तिने बघितलं, तुकडा. मग तळहाताला नाक लावणं, "टच". घाबरट कुत्र्यासाठी याच्यासारखं दुसरं काही नाही, कारण यात हात तिच्याकडे जात नाही, ती हाताकडे येते, आणि ज्या हाताची भीती त्याच हाताशी खेळ सुरू होतो. "बस" शिकवताना तुकडा नाकापासून वर आणि थोडा मागे नेला की बूड आपोआप टेकतं, ढुंगण दाबून बसवायचं नाही, लहान जातींचे गुडघे आधीच नाजूक असतात, वाटी सरकायचा त्रास पुष्कळ जणींना असतो. आणि "ये" हा शब्द औषध द्यायला, नखं कापायला किंवा रागवायला कधीच वापरायचा नाही, त्यासाठी आपण उठून तिच्याकडे जायचं.

मध्ये एका ट्रेनरला बोलावलं होतं. त्याने पहिल्याच दिवशी गळ्यात चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, घातली आणि झटका देऊन चालवायला लागला, म्हणे लाडावलीये. खारीने तिथेच शू केली. मी त्याला तसाच परत पाठवला. लहान जातींची श्वासनलिका मुळातच नाजूक असते, गळ्याला झटके बसून खोकल्याचा कायमचा त्रास मागे लागू शकतो, म्हणून यांना पट्ट्यापेक्षा छातीचा हार्नेस बरा. आणि भीती झटक्याने जात नाही, ती फक्त आत दबते. अमेरिकेतल्या प्राणी-वर्तन बघणाऱ्या व्हेट्सच्या संघटनेने 2021 मध्ये लेखी सांगितलंय की ट्रेनिंग बक्षिसावर आधारितच असावं. पण आपल्याकडे अजून "कुत्र्याला बॉस कोण ते कळलं पाहिजे" हेच चाललंय. चार किलोच्या जिवाला बॉस कोण ते वेगळं सांगायची गरज आहे का खरंच?

कुकरच्या शिट्टीला दोन महिने लागले. मोबाईलवर शिट्टी रेकॉर्ड केली, हॉलमध्ये अगदी बारीक आवाजात लावायची आणि लगेच चिकन. क्रम महत्त्वाचा, आधी आवाज मग खाऊ. उलटं केलं तर चिकन दिसलं की आता काहीतरी वाईट होणार असं ती समजते. कान मागे गेले तर आवाज कमी करायचा, खाऊ घेतला तर दुसऱ्या दिवशी किंचित वाढवायचा. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण आता तिसरी शिट्टी झाली की ती स्वतःच किचनच्या दारात येऊन बसते. आणि एक, घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीती वाढते असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. ती स्वतःहून कुशीत आली तर खुशाल घ्या. घट्ट धरून ठेवू नका इतकंच.

काही गोष्टी आम्हाला उशिरा सुचल्या. एक म्हणजे टाइल्स. आपल्या मुंबईच्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत फरशीवर यांचे पाय घसरतात आणि आपल्याला वाटतं घाबरून कोपऱ्यात बसलीये. मशीनपासून पाण्याच्या वाटीपर्यंत जुनी सतरंजी टाकली आणि त्याच दिवशी ती चालत पाण्यापर्यंत आली. दुसरं म्हणजे दुखणं. तोंडाजवळ हात नेला की ती का आक्रसते ते व्हेटकडे गेल्यावर कळलं, दोन दात किडलेले होते, ते काढल्यावर महिन्याभरात वेगळीच कुत्री झाली. म्हणून स्वभाव स्वभाव म्हणण्याआधी दात, कान, गुडघे तपासून घ्या.

शू-शीचं काय हे सगळे विचारतात. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर ठरलेल्या जागी न्यायचं, झालं की तिथल्या तिथे खाऊ, घरात झालं तर गप्प पुसायचं. नाक घासायचं नाही, ओरडायचं नाही, नाहीतर ती पलंगाखाली लपून करायला शिकते. बास.

बाहेरचं जग मात्र हळू. पहिला महिना आम्ही फक्त जिन्यापर्यंत गेलो, मग गेटपर्यंत, वॉचमन काकांनी रोज एक तुकडा जमिनीवर ठेवायचा, द्यायचा नाही. मुलुंड स्टेशनच्या बाजूला तर सहा महिन्यांनी गेलो, रविवारी सकाळी, ट्रेन दिसेल पण अंगावर येणार नाही एवढ्या लांब. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून नेऊ नका, लेप्टोचं, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या आजाराचं, इंजेक्शन दरवर्षी चुकवू नका. लिफ्टवरून सोसायटी भांडत असेल तर सरकारच्या ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या 2015 च्या गाईडलाईन्स दाखवा, पाळीव कुत्र्याला लिफ्ट बंद करता येत नाही. पण आपलं कुत्रं लिफ्टमधल्या गर्दीने घाबरत असेल तर पुढच्या लिफ्टची वाट आपण बघावी, हक्क आहे म्हणून घुसू नये.

गणपतीत ढोल-ताशाच्या दिवशी बाथरूममध्ये तिची गादी, पंखा मोठा, दार अर्धं उघडं, फिरणं संध्याकाळच्या आधीच उरकलेलं. फारच त्रास होत असेल तर व्हेटला आधी विचारून गोळी मिळते, आपल्या मनाने माणसांची औषधं देऊ नका. विसर्जनाच्या रात्री आई तिच्याबरोबर बाथरूमच्या उंबऱ्यात बसून होत्या, वाती वळत.

आता त्या पिल्लाबद्दल. मी काकांना विचारलं किती दिवसांचं आहे, तर म्हणाले पस्तीस-चाळीस. 2017 पासून नियम आहे की आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू ब्रीडरने विकायचंच नाही, आणि ते उगाच नाहीये, आई आणि भावंडांमध्ये राहूनच पिल्लू चावण्याचा जोर किती, खेळ कुठे थांबवायचा ते शिकतं. साधारण तीन ते बारा-चौदा आठवडे हा काळ असा असतो की त्यात जे चांगलं अनुभवलं ते जन्मभर पुरतं आणि ज्याची दहशत बसली ती पण जन्मभर निघत नाही सहजी. म्हणून पिल्लाला जग दाखवायला हवंच, लसी पूर्ण नसताना कडेवर घेऊन, झोळीत घालून दाखवा, रिक्षा, पाऊस, भाजीवाली, शाळा सुटल्याचा गलका, सगळं. पण दाखवणं वेगळं आणि या हातातून त्या हातात देणं वेगळं.

काका माणूस चांगले आहेत, बायको गेल्यावर एकटे पडलेत, मुलाने सोबत म्हणून आणून दिलंय. त्यांना लिफ्टमध्ये सगळ्यांसमोर काही बोलायला मला बरं वाटलं नाही. सकाळी फोन केला. म्हणाले रात्रभर कुईकुई करत होतं, बाहेर गॅलरीत ठेवलेलं. मी म्हटलं काका, आज तुमच्या पलंगाशेजारी ठेवा, खोक्यात तुमचा वापरलेला बनियन घाला, आणि दोन दिवस कोणालाच घरी बोलावू नका. बरं म्हणाले.

रविवारी दुपारी जाणार आहोत त्यांच्याकडे. आई पण येते म्हणाल्या, भाजी निवडायला घेऊन. जाताना एक जुनी सतरंजी नेतेय, त्यांच्याकडे हॉलभर टाइल्स आहेत.