चुंबकाचं कडं आणि बीपीची गोळी

रक्ताभिसरण सुधारतं म्हणे चुंबकाच्या कड्यानं! अहो, रक्तातलं लोह चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं असतं तर दीड टेस्ला ताकदीचं चुंबक असलेल्या एमआरआय मशीनमधून कुणी जिवंत बाहेर आलं असतं का? ब्रिटनमध्ये संधिवाताच्या ७० रुग्णांवर चुंबकी पट्टे आणि तांब्याची कडी तपासली, २०१३ साली निष्कर्ष छापून आले: चुंबकत्व काढून टाकलेल्या खोट्या पट्ट्यांपेक्षा जास्त गुण कशालाच नाही. रक्तदाब, मधुमेह बरा करतो अशा जाहिरातींवर आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी प्रत्येक प्रदर्शनात स्टॉल लागतोच. आणि गाठतात कुणाला, तर पेन्शनवर जगणाऱ्यांना. आमच्या मावशीनं कड्याच्या भरवशावर बीपीची गोळी बंद केली. मनगटावर हिरवट वळ उठलाय, आणि विकणारा म्हणतो, "शरीरातली घाण निघतेय, काढू नका!"