ट्रॅक दिसले म्हणून उतार सुरक्षित होत नाही

हिवाळा लागला की नागपूरच्या ट्रेकिंग ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: "गुलमर्गला गोंडोलाने (रोपवेने) अफरवट शिखरावर जा, हद्दीबाहेर ताज्या बर्फात स्की करा. आधीच्या स्कीअरचे ट्रॅक दिसले की उतार सुरक्षित. ऊन पडलं की धोका संपला. बीकन असलं की माणूस सापडतोच." (बीकन म्हणजे अंगावर बांधायचं रेडिओ यंत्र: ते संकेत पाठवतं, आणि शोधणाऱ्याचं बीकन ते पकडून अंतर दाखवतं.) यातलं एकही वाक्य टिकत नाही.

आधी ट्रॅकचं बघू. हिमस्खलन बहुतेकदा 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतं. वर घट्ट थर आणि खाली साखरेसारखा सुटा बर्फ असला, की वजन कुठे पडतं यावर सगळं ठरतं. थर जाड आहे तिथून पाच जण सुखरूप उतरतात; सहावा खडकाजवळच्या पातळ जागेवर जातो आणि अख्खा उतार तुटतो. जीवघेण्या अपघातांत स्खलन बहुतेक वेळा अडकलेल्याने किंवा त्याच्याच सोबत्याने सुरू केलेलं असतं. म्हणून 30 अंशांखालचा उतार निवडा, आणि त्याच्या डोक्यावर तीव्र उतार नाही ना, तेही बघा. गस्त पथक गोंडोलाजवळचा ठरावीक भागच सांभाळतं. फेब्रुवारी 2023 मध्ये अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअरचा जीव गेला.

उन्हाचं म्हणाल, तर बर्फवृष्टीनंतरचे पहिले 24 ते 48 तास सगळ्यात वाईट, आणि लख्ख ऊन नेमकं तेव्हाच पडतं. निरभ्र आकाशातही वारा बर्फ उचलून आडोशाच्या उतारावर रचत राहतो.

बीकनचं मात्र नीट समजून घ्या. पुरलेला माणूस 10 मिनिटांत बाहेर आला तर वाचण्याची शक्यता सुमारे 90 टक्के, अर्ध्या तासाने जेमतेम 30. म्हणजे काढणार सोबतीच. प्रत्येकाकडे बीकन, किमान 240 सेंमी प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपायची घडीची काठी) आणि धातूचं फावडं हवं. शोधताना मोबाइल बीकनपासून 50 सेंमी लांब. बीकनवरचा अंतराचा आकडा 3 मीटरखाली आला की बीकन बर्फालगत धरून सावकाश फुलीसारखा फिरवा. सर्वांत कमी आकड्याच्या जागेपासून गोल फिरत दर 25 सेंमीवर प्रोब घाला. माणूस लागला की प्रोब तसाच ठेवा आणि उताराच्या खालच्या बाजूने आत खणत जा. डोक्यावर उभं राहून खणलं तर त्याच्या श्वासाची जागाच दाबली जाते.

शोधाचा सराव नागपुरातही होतो: चालू बीकन पिशवीत घालून पालापाचोळ्यात लपवा आणि घड्याळ लावून शोधा. खणण्याचा सराव बर्फाशिवाय होत नाही, तेव्हा गुलमर्गचा पहिला दिवस त्याच्यासाठी ठेवा.