मामा, जर्मनच्या म्हणजे ॲल्युमिनियमच्या बोटीवर ॲसिड ओतायच्या आधी हे वाचा

गेल्या आठवड्यात फॅमिली ग्रुपवर मामांनी एक व्हिडिओ टाकला, "ॲल्युमिनियमचं काहीही १५ मिनिटांत आरशासारखं, पॉलिशवाल्याची गरज नाही", आणि खाली लिहिलं रविवारी आपल्या बोटीवर करू. तर बोटीचं असं की २०२४ च्या ऑगस्टात बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी समाकडच्या त्यांच्या सोसायटीत घुसलं, रस्त्यात मगरी फिरत होत्या, तेव्हापासून मामांनी असा धसका घेतला की मही नदीकडच्या एका शेततळ्यावर मासे धरायला वापरलेली १२ फुटी बोट सेकंडहँड उचलून आणली. ती पार्किंगमध्ये उलटी पडलीय, शेवाळ, क्षाराचे पांढरे ओघळ, सगळं आहे. मी मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) पत्र्याच्याच कामात आहे, म्हणून गप्प बसवेना.

व्हिडिओतली पहिली गोष्ट, टॉयलेट ॲसिड आणि कॉस्टिक सोडा सारखे घेऊन मिसळा, "डबल पॉवर". अहो डबल कसली, ॲसिड आणि कॉस्टिक एकमेकांना मारतात आणि उरतं मिठाचं पाणी, वर एवढी उष्णता निघते की उकळून अंगावर उडेल. आणि प्रमाण चुकून एक जास्त झालं तर ते पत्रा खाणार. ॲल्युमिनियमला जे काही वाचवतं तो वरचा ऑक्साइडचा थर, जाडी जेमतेम २ ते ४ नॅनोमीटर, केसापेक्षा हजारो पटीने पातळ, आणि तो ॲसिडमध्येही विरघळतो आणि अल्कलीमध्येही. साधारण ४ ते ८.५ पीएचमध्येच (पीएच म्हणजे आंबट-खारटपणाचं माप, ७ म्हणजे साधं पाणी) तो टिकतो. थर गेला की कॉस्टिक सरळ धातूला भिडतं, बुडबुडे येतात, व्हिडिओतला माणूस म्हणतो "बघा मळ निघतोय". तो पेट घेणारा हायड्रोजन आहे हो! हिशोब सांगतो, ५४ ग्रॅम ॲल्युमिनियम विरघळलं की सुमारे ६७ लिटर हायड्रोजन निघतो, बंद पार्किंगमध्ये, शेजारी कोणीतरी बिडी ओढत असणारच. टॉयलेट ॲसिडमधलं क्लोराइड तर अजून वाईट, ते एकसारखं खात नाही, टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतं, आणि बोटीच्या पत्र्याला खड्डा म्हणजे काय ते सांगायला नको. आजीला हे केमिस्ट्री न शिकता माहीत होतं, जर्मनच्या पातेल्यात धुण्याचा सोडा उकळला की ते काळं पडतं म्हणून ती चिंच किंवा लिंबू घालून उकळायची.

बाजारात "ब्राइटनर" मिळतात त्यातल्या काहींमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. पातळ असलं तर लागल्या लागल्या दुखतही नाही, तासांनी कळतं, तोवर आत उतरलेलं असतं. कॅन नीट वाचल्याशिवाय हात लावू नका.

दुसरं, तारेची घासणी. लोखंडाची तार मऊ ॲल्युमिनियमवर घासली की तिचे बारीक कण पत्र्यात रुततात, मग पाणी लागलं की ते गंजतात, तपकिरी ठिपके दिसतात, आणि लोखंड-ॲल्युमिनियम शेजारी शेजारी ओले राहिले की झिजतं ते ॲल्युमिनियमच. नायलॉनचा स्क्रबर घ्या, हिरवा, दहा रुपयाचा. आमच्याकडे स्टीलच्या कामाचे ब्रश आणि ॲल्युमिनियमचे ब्रश वेगळे ठेवतात ते काय हौस म्हणून नाही.

तिसरं ऐकून तर मी हसलो. पॉलिश चोळताना फडकं काळं होतं ना, तर "काळं येणं बंद होईपर्यंत घासत राहा". ते कधीच बंद होणार नाही मामा, ते काळं म्हणजे तुमची बोटच आहे, घासून निघालेले धातूचे कण. पत्रा संपला की बंद होईल.

चौथं, "पांढरी पावडर दिसली म्हणजे बोट सडली". नाही. ते ॲल्युमिनियमचं हायड्रॉक्साइड-ऑक्साइड, हायड्रॉक्साइड तर ॲसिडिटीच्या औषधातही असतं. पुसून काढा आणि खाली बघा, नख अडकेल असे खड्डे असतील आणि विशेषतः रिवेटच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या) भोवती, तर दाखवायला लागेल, सपाट असेल तर काही नाही.

आणि शेवटी "एकदा चमकवलं की आयुष्यभर, मेण वगैरे नाटकं नकोत, ह्याला गंज येतच नाही". लोखंडासारखा तांबडा गंज येत नाही हे खरं, पण घासलेल्या पत्र्यावर ऑक्साइड लगेच परत बसतं, उघड्यावर चमक जातेच, म्हणून वर वॅक्स.

मग करायचं काय? सावलीत ठेवा, तापलेल्या पत्र्यावर काही लावू नका. भांड्याचा लिक्विड साबण आणि मऊ ब्रश, शेवाळ निम्मं ह्यातच जातं. क्षाराच्या ओघळांना व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, पाच मिनिटं, वाळू न देता भरपूर पाण्याने धुवायचं. ॲसिडवाला आणि ब्लीचवाला क्लीनर एकत्र अजिबात नको, क्लोरीन निघतो. चमक हवीच असेल तर ओला वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश पेपर) ६०० नंबरचा, मग १०००, मग पॉलिश, एकाच दिशेने. मी एक बाजू केली तर अख्खा रविवार गेला, १५ मिनिटं कुठली. पाण्याखाली राहणारा तळ मात्र चमकवूच नका, फक्त धुवा, आणि दुकानदार तळाला शेवाळ धरू नये म्हणून तांबं घातलेला रंग देत असेल तर घेऊ नका, तांबं ॲल्युमिनियमला तारेपेक्षा जोरात खातं.